शब्दाला जामीन : मोहनलाल काश्मिरी आणि पहिल्या अफगाण युद्धातील मुलकी दुभाषी

भाषांतरमीमांसेत ‘निष्ठा’ ही संकल्पना दीर्घकाळ मध्यवर्ती राहिली आहे. भाषांतर मूळ संहितेशी कितपत निष्ठ आहे, हा तिचा परिचित प्रश्न होय. सैन्यासोबत काम करणाऱ्या दुभाष्याच्या संदर्भात हाच प्रश्न राजकीय रूप धारण करतो : हा मनुष्य आपला की परका? दोन्ही प्रश्नांचा रोख दुभाष्याने इमान राखले की नाही याकडे असतो. दुभाष्याच्या शब्दावर विसंबून ज्यांनी काही केले, दिले वा गमावले, त्यांच्याशी इमान राखण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. मराठीत ‘शब्द’ म्हणजे भाषेचा घटक आणि ‘शब्द’ म्हणजे वचनही. ‘पत’ म्हणजे लौकिक आणि ‘पत’ म्हणजे उधार मिळण्याची पात्रताही. युद्धकाळातील दुभाष्याच्या कामात हे सर्व अर्थ एकत्र येतात. तो दुसऱ्याचे शब्द उच्चारतो. परंतु ऐकणाऱ्याचा विश्वास पुष्कळदा बोलविणाऱ्यावर नसून बोलणाऱ्यावर असतो.

पहिल्या अफगाण युद्धात (1838–1842) ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत असलेला दिल्लीचा मुनशी मोहनलाल काश्मिरी (1812–1877) याचे चरित्र व लेखन या दृष्टीने अभ्यसनीय आहे. वासाहतिक काळातील भाषाव्यवहाराची चर्चा बर्नार्ड कोन यांच्या 1985 च्या सुप्रसिद्ध निबंधापासून आणि तेजस्विनी निरंजना यांच्या 1992 च्या ग्रंथापासून प्रामुख्याने सत्तेच्या बाजूने झाली. सत्तेने भाषा कशा शिकल्या, त्यांची व्याकरणे व कोश कसे रचले आणि भाषांतरातून प्रजेची प्रतिमा कशी घडविली, हे त्यातून स्पष्ट झाले. या व्यवहारात मुनशी बहुधा माहिती पुरविणारा म्हणून येतो. मोहनलालच्या बाबतीत तो माहिती पुरविणारा तर आहेच. शिवाय सत्तेच्या वतीने वचने देणारा, त्या वचनांसाठी स्वतःच्या सहीने कर्ज काढणारा आणि अखेर त्या सर्वांचा वृत्तान्त स्वतः इंग्रजीत लिहून लंडनमध्ये छापणारा असाही तो आहे. सैनिकी सत्ता मुलकी दुभाष्याचे भाषाज्ञान पगारावर घेते, त्याची व्यक्तिगत पत मात्र उसनी घेते. आणि हिशेबाच्या वेळी यश सरकारचे व ऋण दुभाष्याचे अशी वाटणी होते, असे या उदाहरणावरून दिसते. मोहनलालच्या ग्रंथाचे वाङ्मयीन रूपही या वाटणीच्या संदर्भातच नीट उलगडते.

1. इंटरप्रिटर आणि मुनशी

कंपनीच्या सैन्यात भाषेचे काम करणाऱ्यांचे दोन वर्ग होते. पहिला वर्ग सनदी गोऱ्या अधिकाऱ्यांचा. हिंदुस्थानी, फारसी, मराठी इत्यादी भाषांची परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या अधिकाऱ्यास पलटणीचा इंटरप्रिटर म्हणून नेमण्यात येई. त्यासाठी भत्ता मिळे आणि पुढील बढतीचा मार्गही मोकळा होई. 1831 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठी-इंग्रजी कोशाचा कर्ता मोल्सवर्थ हा मुंबईच्या सैन्यातील अधिकारी होता, हे मराठीच्या अभ्यासकांस परिचित आहे. त्याच्या कोशामागे शास्त्रीमंडळींचे दीर्घ परिश्रम होते, हेही तितकेच परिचित आहे. शास्त्री, पंडित, मुनशी हा दुसरा वर्ग. या वर्गातील माणसे मुलकी असत. त्यांना हुद्दा नव्हता, सनद नव्हती आणि सैनिकाला नियमाने मिळणारे संरक्षणही नव्हते. त्यांचे स्थान बव्हंशी एखाद्या साहेबाच्या मर्जीवर व त्याने दिलेल्या शिफारसपत्रावर अवलंबून असे.

ज्याच्या चाकरीत मोहनलालचे आयुष्य घडले तो अलेक्झांडर बर्न्स हा पहिल्या वर्गातला. स्कॉटलंडमधील माँट्रोज येथे 1805 साली जन्मलेला हा तरुण 1821 मध्ये मुंबईच्या सैन्यात दाखल झाला आणि अल्पावधीतच सुरतेस हिंदुस्थानीचा इंटरप्रिटर झाला. भाषा ही त्याच्या उत्कर्षाची शिडी ठरली. पुढे कच्छ, सिंध, लाहोर अशा क्रमाने तो राजकीय खात्यात चढत गेला.

मोहनलालला भाषा वारशाने मिळाली होती. दिल्लीत स्थायिक झालेल्या काश्मिरी पंडित घराण्यात त्याचा जन्म झाला. मोगल दरबाराच्या काळापासून फारसी लेखणीवर उपजीविका करणारा हा समाज होता. 1808–09 मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या नेतृत्वाखाली कंपनीचे जे शिष्टमंडळ पेशावरला शाह शुजाच्या भेटीस गेले, त्यात मोहनलालचे वडील मुनशी म्हणून होते. हाच एल्फिन्स्टन पुढे पेशवाईच्या अखेरीस पुण्यात रेसिडेंट आणि नंतर मुंबईचा गव्हर्नर झाला. आणि हाच शाह शुजा राज्य गमावून लुधियानात कंपनीच्या पेन्शनीवर दिवस कंठू लागला. वडिलांनी ज्याच्या दरबारात कंपनीचे शब्द फारसीत उतरविले, त्याच शाह शुजाला तीस वर्षांनी काबूलच्या गादीवर बसविणाऱ्या फौजेबरोबर मुलगा गेला. दोन पिढ्यांचा हा योगायोग मुनशीवर्ग कंपनीच्या राजकारणात किती खोलवर गुंतला होता हे दर्शवितो.

दिल्ली कॉलेजात इंग्रजीचा वर्ग सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या मोजक्या विद्यार्थ्यांत मोहनलाल होता. त्याचा सहाध्यायी शहामत अली हाही पुढे लुधियानाच्या वेडसाहेबाचा मुनशी झाला आणि त्यानेही शीख व अफगाण यांच्याविषयी इंग्रजीत ग्रंथ लिहिला. 1837 च्या कायद्याने फारसीचे सरकारी भाषा म्हणून असलेले स्थान डळमळीत होण्यापूर्वीची ही अखेरची वर्षे होत. फारसी घरची आणि इंग्रजी नव्याने आत्मसात केलेली, असे भाषिक भांडवल घेऊन बाहेर पडलेल्या तरुणास वायव्य सरहद्दीचे राजकारण ही स्वाभाविक पेठ होती. चार्ल्स ट्रेव्हेल्यन याच्या शिफारशीने बर्न्सने त्याला निवडले, तेव्हा मोहनलाल एकोणीस-वीस वर्षांचा होता.

2. नावे बदलणारा प्रवासी

1832 च्या आरंभी लुधियानाहून निघालेल्या बर्न्सच्या प्रवासी तुकडीत चार प्रमुख माणसे होती : स्वतः बर्न्स, डॉक्टर जेम्स जेरार्ड, फारसी पत्रव्यवहारासाठी मोहनलाल आणि मोजणीदार म्हणून महंमद अली. महंमद अली हा मुंबईच्या इंजिनिअर इन्स्टिट्यूशनमध्ये कॅप्टन जॉर्ज जर्व्हिसच्या हाताखाली शिकलेला होता. मराठीत गणिताची पाठ्यपुस्तके सिद्ध करण्याच्या कार्यात ज्या जर्व्हिसचे नाव घेतले जाते, तोच हा. मध्य आशियाच्या वाटेवर दिल्लीची फारसी आणि मुंबईची मोजणीविद्या अशी एकत्र आली होती.

प्रवासात मोहनलालने मुसलमानी नाव धारण केले. बर्न्सनेही वेषांतर केले होते. परंतु दोघांच्या वेषांतरात फरक आहे. बर्न्सचे वेषांतर प्रवासापुरते होते; परतल्यावर तेच त्याच्या प्रवासवर्णनाचे आकर्षण ठरले आणि लंडनमध्ये त्याचे कौतुक झाले. मोहनलाल 1834 मध्ये मशहद, हेरात व कंदाहारमार्गे हिंदुस्थानात परतला, तेव्हा त्याच्या परदेशगमनामुळे व आचारामुळे स्वजातीयांनी त्याला दूर लोटले. बाहेरच्या जगात विश्वास संपादन करण्यासाठी जे रूप घ्यावे लागले, त्याची किंमत त्याला घरात चुकवावी लागली.

त्याच वर्षी कलकत्त्यात त्याची प्रवासाची रोजनिशी इंग्रजीत छापली गेली. इंग्रजीत प्रवासवर्णन लिहिणाऱ्या आरंभीच्या हिंदी लेखकांत त्याची गणना होते. या रोजनिशीत बाजारभाव, नदीचे उतार, सराया, मालाचे तपशील यांची रेलचेल आहे. व्यापारी कुतूहल आणि सैनिकी उपयुक्तता यांची सीमारेषा तीत पुसट आहे. अशा नोंदींच्या आधारे पुढे सैन्ये चालतात, याची लेखकाला जाणीव असावी किंवा नसावी. अवघ्या पाच वर्षांत मात्र तसेच घडले.

3. गझनीचा दरवाजा

1836 ते 1838 या काळात बर्न्स पुन्हा काबूलला गेला, तेव्हाही मोहनलाल सोबत होता. दोस्त महंमद खानाशी मैत्री राखावी असे बर्न्सचे मत होते. गव्हर्नर जनरल ऑकलंडने उलट निर्णय घेतला आणि 1 ऑक्टोबर 1838 च्या सिमल्याच्या जाहीरनाम्याने शाह शुजाला गादीवर बसविण्याचे ठरले. बंगाल व मुंबई या दोन इलाख्यांच्या फौजा सिंधमार्गे निघाल्या. नेतृत्व मुंबईच्या सैन्याचा सरसेनापती सर जॉन कीन याच्याकडे होते. राजकीय सूत्रे विल्यम मॅकनॉटनच्या हाती होती आणि बर्न्स त्याचा दुय्यम. मोहनलाल या फौजेबरोबर होता, पण फौजेचा नव्हता. तो राजकीय खात्याचा मुनशी होता.

जुलै 1839 मध्ये सैन्य गझनीसमोर येऊन ठाकले, तेव्हा तट फोडू शकतील अशा जड तोफा कंदाहारला मागे राहिल्या होत्या. अन्य दरवाजे आतून चिणून बंद केले आहेत, काबूलकडचा दरवाजा मात्र तसा चिणलेला नाही, ही माहिती निर्णायक ठरली. दोस्त महंमदाच्या नात्यातील अब्दुल रशीद खान हा किल्ल्यातून फुटून इंग्रजांना येऊन मिळाला व त्याच्याकडून ती मिळाली. त्याच्याशी संधान आपण बांधले होते, असे मोहनलालने नमूद केले आहे. 23 जुलैच्या पहाटे तो दरवाजा सुरुंगाच्या दारूने उडविण्यात आला आणि गझनी पडली.

किल्ला घेण्याचे श्रेय सुरुंग लावणाऱ्या इंजिनिअर अधिकाऱ्यांना मिळाले, आणि ते रास्तही होते. परंतु या घटनेत दुभाष्याच्या कार्याचे स्वरूप स्पष्ट होते. शत्रुपक्षातील माणूस फुटतो तो पलीकडून येणाऱ्या शब्दावर विसंबून. हा शब्द त्याच्या भाषेत, त्याच्या शिष्टाचारात, ओळखीच्या माणसाकडून यावा लागतो. फारसी पत्रलेखनातील मायने, उपाधी, शपथा यांचे शास्त्र ज्याला अवगत आहे, तोच असा शब्द देऊ शकतो. कीनसारख्या सेनापतीला हे पत्र वाचता येत नव्हते. म्हणजेच ज्या वचनाने सैन्य बांधले गेले, त्या वचनाची नेमकी शब्दयोजना सैन्याच्या प्रमुखाला अज्ञात होती. भाषांतराच्या इतिहासात मूळ आणि भाषांतर यांचा क्रम आपण गृहीत धरतो. येथे फारसी पत्र हीच बंधनकारक संहिता होती आणि इंग्रजी वृत्तान्त हा तिचा उत्तरकालीन सारांश.

4. छपरावरचा साक्षीदार

ऑगस्ट 1839 मध्ये शाह शुजा काबूलला गादीवर बसला. दोन वर्षांनंतर, 1841 च्या शरद ऋतूत, खर्चकपातीच्या धोरणानुसार मॅकनॉटनने घिलजाई सरदारांचा तनखा निम्म्यावर आणला. खिंडी खुल्या ठेवण्याच्या बदल्यात हा तनखा दिला जात होता. दिलेला शब्द मोडल्याची ही जाहीर खूण होती आणि घिलजाईंनी खिंडी बंद करून तिला उत्तर दिले. मॅकनॉटनची त्या वेळी मुंबईच्या गव्हर्नरपदी नेमणूक झाली होती आणि त्याच्या जागी बर्न्स येणार होता. शहरात कट शिजत असल्याची सूचना मोहनलालने 1 नोव्हेंबरच्या संध्याकाळी बर्न्सला दिली. 2 नोव्हेंबरला सकाळी जमावाने बर्न्सच्या घरास वेढा घातला. बर्न्स, त्याचा भाऊ चार्ल्स व लेफ्टनंट ब्रॉडफूट मारले गेले. जवळच राहणाऱ्या मोहनलालने आपल्या घराच्या छपरावरून हा प्रकार पाहिला. पळताना तो पकडला गेला. परंतु नवाब महंमद झमान खानाने त्याला आश्रय देऊन वाचविले. दोस्त महंमदाच्याच कुळातील सरदाराने शत्रूच्या मुनशीला जीवदान द्यावे, यामागे पूर्वपरिचय व शरणागतास अभय देण्याची रीत होती. पुढे तो किझिलबाश जमातीच्या मोहल्ल्यात खान शिरीन खानाच्या आश्रयास राहिला.

येथून मोहनलालच्या कार्याचा सर्वांत कठीण टप्पा सुरू होतो. इंग्रज फौज शहराबाहेरच्या छावणीत अडकलेली. शहरात राहून पत्रे लिहू शकणारा, सरदारांशी बोलू शकणारा जवळजवळ हाच एक माणूस. मॅकनॉटन आणि लेफ्टनंट जॉन कॉनली यांच्या सूचना त्याच्याकडे गुप्तपणे येत. सरदारांत फूट पाडावी, त्यासाठी पैसा कबूल करावा, असे या सूचनांचे स्वरूप होते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कॉनलीकडून आलेल्या पत्रात बंडाच्या प्रमुखांच्या प्रत्येक शिरासाठी 10,000 रुपये देण्याचे कबूल करावे, असा मजकूर होता. पुढे अब्दुल्ला खान अचकझाई जखमी होऊन मरण पावला, मीर मस्जिदीही मृत्यू पावला. या मृत्यूंचे श्रेय सांगत माणसे बक्षीस मागण्यास आली, तेव्हा शिरे आणून दिली नाहीत या कारणावरून मोहनलालने उरलेली रक्कम नाकारली. डिसेंबरच्या सुरुवातीस मॅकनॉटनने त्यालाच लिहिले की, मारेकरी घालण्यास उत्तेजन देण्याचा आपला हेतू कधीच नव्हता. 1851 मध्ये जॉन विल्यम केने युद्धाचा इतिहास लिहिताना ही पत्रे पुढे आणली आणि जबाबदारी कोणाची याचा ऊहापोह केला.

या प्रकरणात मोहनलालला निर्दोष ठरविणे कठीण आहे. आदेश दुसऱ्याचा असला तरी मारेकऱ्यांशी बोलणे त्यानेच केले. तो केवळ वाहक होता असे म्हटले, तर त्याच्या चातुर्याचे व पुढाकाराचे इतरत्र केलेले वर्णन निरर्थक ठरते. मात्र त्याला एकट्याला दोषी धरण्याची वाट किती सोयीची होती, तेही लक्षात घेतले पाहिजे. आदेश इंग्रजीत, दबक्या भाषेत, एका दुय्यम अधिकाऱ्याच्या पत्रातून येतो. त्याची अंमलबजावणी फारसीत, तोंडी, मुनशीच्या जबाबदारीवर होते. आणि नंतर वरिष्ठ सांगतो की आपल्या म्हणण्याचा चुकीचा अर्थ घेतला गेला. दोन भाषांमधील अंतर हे येथे सत्तेला जबाबदारी झटकण्यासाठी उपयोगी पडणारे अंतर आहे. ‘अर्थ चुकला’ ही भाषांतरातील तक्रार राजकारणात बचावाचे साधन कशी होते, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडते.

5. रोखा आणि सही

23 डिसेंबर 1841 रोजी मॅकनॉटन मारला गेला. 6 जानेवारी 1842 रोजी सुमारे 4,500 सैनिक आणि सुमारे 12,000 बाजारबुणगे बर्फातून जलालाबादकडे निघाले. 13 जानेवारीस डॉक्टर ब्रायडन जलालाबादला पोहोचला, हे चित्र इंग्रजी स्मृतीत अजरामर झाले. थंडीने हातपाय गमावलेले हिंदी शिपाई व सेवक मागेच राहिले, काही काबूलच्या रस्त्यांवर भीक मागत फिरले. त्यांचे चित्र त्या प्रमाणात अजरामर झाले नाही.

मोहनलाल काबूलमध्येच राहिला आणि तेथून जलालाबादकडे बातमीपत्रे पाठवीत राहिला. एप्रिलमध्ये शाह शुजाचा खून झाला. पुढे दोस्त महंमदाचा मुलगा अकबर खान याने मोहनलालला कैद केले, मारहाण केली आणि पैसे उकळले. हे सर्व होत असताना त्याचा खर्च चालूच होता. सरदारांना द्यावयाच्या रकमा, बातमीदारांचे पगार, कैद्यांसाठी मदत यांकरिता त्याने काबूलच्या सावकारांकडून पैसा उचलला. काबूलच्या पेठेत हिंदू सावकारांची, विशेषतः शिकारपुरी पेढ्यांची, जुनी व्यवस्था होती आणि त्यांच्या हुंड्या दूरवर वटत. पराभूत, वेढलेल्या सरकारच्या नावावर या पेढ्यांनी उधार देणे दुर्घट होते. त्यांनी उधार दिले ते पेठेत वावरणाऱ्या, त्यांची भाषा बोलणाऱ्या, ओळखीच्या माणसाला. कर्जरोख्यावर सही मोहनलालची होती आणि कर्जाचा आकडा सुमारे 80,000 रुपयांच्या घरात गेला. कंपनीची पत संपली तेव्हा दुभाष्याची पत कामास आली, हे येथे अक्षरशः खरे आहे.

या पतीचा सर्वांत मोठा उपयोग सप्टेंबर 1842 मध्ये झाला. अकबर खानाने इंग्रज अधिकारी, स्त्रिया व मुले यांना कैदी म्हणून बामियानकडे पाठविले होते आणि तेथून त्यांना तुर्कस्तानात नेण्याचा बेत होता. पहाऱ्याचा प्रमुख सालेह महंमद खान याला मोहनलालने संदेश पाठविला : कैदी सोडल्यास जनरल पोलॉककडून 20,000 रुपये रोख आणि दरमहा 1,000 रुपये तहहयात तनखा मिळेल. कैदेतील काही अधिकाऱ्यांनी हा करार आपल्या सह्यांनी पक्का केला. सालेह महंमद फिरला आणि कैदी सुटले. त्याच सुमारास 15 सप्टेंबरला पोलॉक काबूलला पोहोचला होता. कैद्यांना आणण्यासाठी त्याने रिचमंड शेक्सपिअरला किझिलबाश स्वारांसह पाठविले आणि कैदी त्यांच्या सोबतीने छावणीत परतले. ज्या किझिलबाशांच्या मोहल्ल्यात मोहनलालने आश्रय घेतला होता, त्यांचेच हे स्वार होते.

ऑक्टोबरमध्ये परतण्यापूर्वी इंग्रज सैन्याने सूड म्हणून काबूलचा चार छत्ता बाजार उद्ध्वस्त केला. त्यानंतरच्या लुटीत इंग्रजांच्या आश्वासनावर विसंबून शहरात राहिलेल्या हिंदू व्यापाऱ्यांचेही नुकसान झाले. ज्या पेठेच्या विश्वासावर कर्ज उभे राहिले, तीच पेठ अशा रीतीने मोडली. 1843 मध्ये कंपनीने दोस्त महंमदाला सोडून दिले आणि तो पुन्हा काबूलचा अमीर झाला. युद्धाचे राजकीय फलित शून्यावर आले; मोहनलालच्या रोख्यांवरील आकडे मात्र शून्यावर आले नाहीत. त्याची पूर्ण भरपाई कंपनीने कधीच केली नाही आणि उरलेले आयुष्य त्याने ऋणाच्या छायेत काढले.

6. शत्रूचे चरित्र, स्वतःचा दावा

1844 मध्ये मोहनलाल इंग्लंडला गेला. बर्न्सच्या कुटुंबीयांना भेटण्यासाठी तो माँट्रोजलाही गेला. राणी व्हिक्टोरियापुढे त्याला सादर करण्यात आले. 1846 मध्ये लंडनमध्ये त्याची दोन पुस्तके निघाली : एक, पूर्वीच्या रोजनिशीचे विस्तारित रूप, दुसरे, अमीर दोस्त महंमद खानाचे दोन खंडांतील चरित्र. दुसऱ्या ग्रंथाच्या लांबलचक शीर्षकात अमिराच्या इंग्रज, रशियन व इराणी सरकारांशी झालेल्या राजकारणाचा आणि अफगाणिस्तानातील ब्रिटिश सैन्याच्या जय व संकटांचाही निर्देश आहे. शीर्षकातच चरित्र, राजकारण आणि युद्धवृत्तान्त अशी तीन रूपे गुंतलेली आहेत.

या ग्रंथाला चरित्रवाङ्मयाच्या निकषांवर विस्कळीत म्हणणे सोपे आहे. नायक मधूनमधून अदृश्य होतो आणि मुनशी पुढे येतो. परंतु ग्रंथाकडे दाव्याची संहिता म्हणून पाहिले, तर या विस्कळीतपणाची संगती लागते. लेखकाला एकाच वेळी तीन गोष्टी सिद्ध करावयाच्या आहेत. ज्याला पदच्युत केले तो अमीर समर्थ होता आणि त्याच्याशी मैत्री शक्य होती, ही पहिली. इंग्रज अधिकाऱ्यांनी सरदारांना दिलेली वचने वारंवार मोडली, ही दुसरी. हा आरोप तो स्पष्टपणे करतो. तिसरी म्हणजे ही वचने ज्याच्या मुखाने दिली गेली तो आदेशाप्रमाणेच वागला. शत्रूची थोरवी, मालकाचा वचनभंग आणि स्वतःची निर्दोषता यांचा परस्परांवाचून उलगडा होत नाही. म्हणूनच शत्रूच्या चरित्रात दुभाष्याचे आत्मचरित्र आणि आत्मचरित्रात हिशेबाचा कागद शिरतो.

स्वतःच्या लेखी साक्षीसाठी झगडण्याची वेळ सनदी अधिकाऱ्यावरही आली, हे नोंदविले पाहिजे. 1839 मध्ये पार्लमेंटपुढे ठेवलेल्या कागदपत्रांत बर्न्सचे खलिते छाटून, त्याच्या मताचा विपर्यास होईल अशा रीतीने छापले गेले. ती पत्रे 1859 मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाली. बर्न्सच्या बाजूने पुढे इतिहासकार व पार्लमेंटचे सभासद उभे राहिले. मोहनलालच्या बाजूने त्याचा स्वतःचा ग्रंथ तेवढा उभा राहिला आणि तोही त्याच्या प्रतिपक्षाच्या भाषेत. घरची फारसी सोडून इंग्रजीत लिहिणे हा वाङ्मयीन आवडीचा प्रश्न नव्हता. ज्याच्याकडे येणे बाकी आहे, त्याच्याच भाषेत मागणी करावी लागते.

तौलनिक दृष्टीने येथे आणखी एका संहितेचा विचार आवश्यक ठरतो. 1844 च्या सुमारास हमीद काश्मिरी याने ‘अकबरनामा’ हे फारसी महाकाव्य रचले. त्याचा नायक अकबर खान, म्हणजे मोहनलालला कैदेत टाकणारा सरदार. एकाच युद्धावर, दोन-तीन वर्षांच्या अंतराने, काश्मिरी परंपरेतील दोन लेखकांनी लिहिले : एकाने पुत्रावर फारसी वीरकाव्य, दुसऱ्याने पित्यावर इंग्रजी चरित्र. फिरदौसीच्या परंपरेतील मसनवीत वचनभंग हा वीरगाथेचा विषय होतो. त्याचा निकाल रणांगणावर आणि दैवाकडून लागतो. मोहनलालच्या गद्यात तोच वचनभंग पत्र, तारीख आणि रक्कम यांच्या रूपाने येतो; त्याचा निकाल कोर्ट ऑफ डायरेक्टर्सकडे मागावा लागतो. दोन्ही लेखक फारसी संस्कारात वाढले, तरी एकाने पराभूत सत्तेला शाप दिला आणि दुसऱ्याने तिच्याकडे येणे मागितले. या भेदाचे मूळ प्रतिभेत नसून लेखक आणि सत्ता यांच्यातील व्यवहारात आहे. जो सत्तेचा शब्द कधी बोललाच नाही, तो मुक्तपणे काव्य रचू शकतो. ज्याने तो स्वतःच्या नावावर दिला, त्याला गद्यात हिशेब द्यावा लागतो.

7. उत्तरकाळ

मोहनलाल 1846 मध्ये हिंदुस्थानात परतला. 1857 मध्ये दिल्लीत त्याचा जीव थोडक्यात वाचला. 1877 मध्ये तो निवर्तला, तेव्हा कंपनी अस्तित्वात नव्हती आणि दुसरे अफगाण युद्ध उंबरठ्यावर होते. 1943 मध्ये हरिराम गुप्त यांनी लाहोरहून त्याचे चरित्र प्रसिद्ध केले. त्याला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे. राष्ट्रीय चळवळीच्या ऐन भरातील त्या वर्षांत साम्राज्याच्या एका मुनशीची दखल घेतली गेली, हे उल्लेखनीय आहे. त्याला देशद्रोही वा देशभक्त या कोटींत बसविणे तेव्हाही कठीण होते, आजही आहे. त्याच्या काळात या कोटी आजच्या अर्थाने रूढ नव्हत्या. इमान व्यक्तीशी, घराण्याशी, खाल्ल्या मिठाशी बांधलेले होते. म्हणूनच बर्न्सविषयीचा त्याचा स्नेह आणि कंपनीविषयीची त्याची तक्रार एकत्र नांदू शकतात.

त्याच काबूलमध्ये 2001 नंतरच्या दोन दशकांत अमेरिकन व मित्रराष्ट्रांच्या फौजांसोबत असंख्य अफगाण नागरिकांनी दुभाषी म्हणून काम केले. त्यांच्यासाठी अमेरिकेने 2009 मध्ये विशेष व्हिसाचा कायदा केला. अर्जदाराला वरिष्ठांचे शिफारसपत्र जोडावे लागे आणि दूतावासाची मान्यता मिळवावी लागे. 15 ऑगस्ट 2021 रोजी काबूल तालिबानच्या हाती गेले, तेव्हा यांपैकी अनेकांचे अर्ज प्रलंबित होते. ज्या गावांत त्यांनी फौजेचे शब्द पोहोचविले, तेथे ते शब्द त्यांच्याच आवाजात ऐकले गेले होते. फौज निघून गेली आणि आवाज ओळखणारे लोक उरले. दोन युद्धांची कारणे, काळ व राजकारण भिन्न आहेत आणि त्यांचे सरसकट समीकरण मांडणे अनुचित होईल. तरीही कामाची घडण समान आहे. सैनिकाचा गणवेश त्याला संरक्षण देतो, कारण त्याच्या शब्दाची जबाबदारी राज्यसंस्था उघडपणे स्वीकारते. मुलकी दुभाष्याच्या बाबतीत ही जबाबदारी एखाद्या वरिष्ठाच्या पत्रावर लटकत राहते.

मोहनलालच्या चरित्रातून भाषांतरमीमांसेस मिळणारा धडा येथेच आहे. ‘दुभाषी निष्ठावान होता काय’ या प्रश्नाच्या जोडीला ‘दुभाष्याच्या मुखाने दिलेला शब्द कोणी पाळला’ हा प्रश्न उभा केला पाहिजे. पहिल्या प्रश्नाची उत्तरे सेनापतींच्या खलित्यांत सापडतात. दुसऱ्याचे उत्तर शोधण्यासाठी रोखे, हुंड्या, शिफारसपत्रे आणि फेटाळलेले दावे वाचावे लागतात. बामियानचे कैदी मोहनलालच्या शब्दावर सुटले. त्या वर्षाच्या कर्जातून तो स्वतः अखेरपर्यंत सुटला नाही.